नऊ चेहऱ्यांचा राजा

जंगल नाका, घोट
५ जानेवारी १९५६

इनायतभाऊंस सलाम.

अक्षर पाहूनच पत्र कोणाचं ते तुम्ही ओळखलं असेल. फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी वाचा. चार वर्षांत मी लिहिलं नाही, तुम्हीही लिहिलं नाही, तेव्हा त्या विषयावर बोलायला नको. मला फक्त एक माहिती हवी आहे.

ती नऊ रोमन नाणी अजून तुमच्याजवळ आहेत काय? एटापल्लीकडच्या मंगलीनं आजीची माळ मोडून तुमच्याकडून गळ्यातली नवी हसली घेतली, तेव्हा माळेतली नऊ नाणी तुम्ही वेगळी काढली होती. बाकीचं सगळं गाळायला मुशीत टाकलं, ही मात्र रुमालात बांधली. सहा नाण्यांवर ऑगस्टस बादशहा, मागे त्याचे दोन नातू, मध्ये दोन ढाली नि दोन भाले. तीन नाण्यांवर त्याच्यानंतरचा टायबेरियस, मागे खुर्चीवर बसलेली बाई, हातात डहाळी. माझ्या आठवणीत चूक नसावी. असल्यास कळवा.

यंदा महाशिवरात्रीला, म्हणजे १० मार्चला, मार्कंड्याच्या यात्रेत नागपूरचे एक विद्वान येणार आहेत. त्यांना ही नाणी दाखवावी असा माझा विचार आहे. तोवर प्रत्येक नाण्याचं वजन गुंजेपर्यंत मोजून कळवावं, आणि जमल्यास लाखेवर दोन्ही बाजूंचे ठसे घेऊन पाठवावेत.

चांद्याला तुमच्या चांदीच्या दुकानाच्या ओट्यावर बसून आपण किती रविवार घालवले! तुम्ही नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्यानं टिचकी मारायचा आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा. मी भिंग घेऊन बसायचो. माझं शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी अक्षरं मी सागाच्या ओंडक्यांवरच्या ठशांवरून शिकलो, आणि रोमन लोकांचे शब्द विश्रामगृहाच्या कपाटातल्या वाळवी लागलेल्या एका पुस्तकावरून, कोश शेजारी ठेवून, दोन वर्षं लावून. कॉलेजात गेलेल्या माणसाला यातले कष्ट कळायचे नाहीत. तुम्हाला कळत होते.

सव्वीस वर्षं नाक्यावर कारकुनी करत मी ओंडक्यांवरचा सरकारचा ठसा तपासत आलो. त्यामुळे मला जे दिसतं ते त्या पुस्तक लिहिणाऱ्या साहेबालाही दिसलं नसावं. या ऑगस्टसची अक्कल पाहा. नाणं पाडलं तेव्हा त्याची साठी उलटलेली होती. नाण्यावर गालाला एक सुरकुती नाही! डोक्यावर पानांचा मुकुट, भोवती लिहिलेलं की हा देवाचा मुलगा, हा देशाचा बाप. पाठीमागे दोन नातू उभे केले, म्हणजे लोकांनी समजावं की माझ्यामागे कोण ते ठरलेलं आहे, उगाच गडबड करू नका. दवंडी पिटली तर आवाज गावच्या शिवेपर्यंत जातो. यानं दवंडी चांदीवर उठवली आणि शिपायाच्या पगारात, व्यापाऱ्याच्या थैलीत घालून दिली सोडून. ती जहाजात बसली, समुद्र ओलांडून आली, बैलांच्या पाठीवरून इकडच्या जंगलात शिरली. दोन्ही नातू तोवर मेलेले. एक अठराव्या वर्षी, एक तेविसाव्या. पण मंगलीच्या आजीच्या गळ्यात ते ढाली धरून उभेच! सरकारचे पाय पोचत नाहीत तिथं सरकारचा ठसा पोचतो, हे मला कोणी शिकवायला नको, पण दोन हजार वर्षं पोचत राहतो हे पाहिलं की मी टोपी काढतो.

मार्कंड्याला बावन्न साली जे झालं ते झालं. मी जे बोललो ते त्या वेळच्या माहितीप्रमाणे बोललो.

वजनं कळवा.

गुणवंतराव
नाका मोहरर


घोट
२३ जानेवारी १९५६

इनायतभाऊ,

कार्ड मिळालं. तुमच्या नूरीचं अक्षर छान वळणदार झालं आहे. तुम्ही सांगत गेला आणि तिनं शब्दाला शब्द लिहिलं असं दिसतं:

"नाणी आहेत. काटा आता नाही. अब्बा भांड्यांना कल्हई करतात, त्याला काटा लागत नाही. माझा निकाह २५ मार्चला ठरला आहे. तोडे करायचे आहेत. इसरू सोनार ती नऊ नाणी गाळणार आहे. तो मार्कंड्याला दुकान लावतो, तिथून परत आला की मूस लावील. गुणवंतरावांनी भर यात्रेत ज्याले खोटं म्हणलं त्याचं वजन विचारून त्याईले काय करायचं आहे, असं अब्बा विचारतात."

खाली पेन्सिलीनं, बहुतेक तुमच्या नकळत, तिनं एक ओळ घातली आहे. ती काय ते मी सांगणार नाही.

कल्हईचं मला माहीत नव्हतं. तुम्ही चांदा सोडून नदीपलीकडे राजुऱ्याला गेलात एवढंच कळलं होतं. मी समजत होतो की तिकडेही चांदीचंच दुकान असेल. ज्या माणसाच्या हातची हसली बायका सासरहून माहेरी येताना मुद्दाम घालून येत, त्यानं नवसागराच्या धुरात पातेली फिरवत बसावं, हे वाचून मी कार्ड फळीवर ठेवलं आणि सागाच्या तीन गाड्या न तपासताच सोडल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

तरी गाळण्याबद्दल माझं म्हणणं ऐका. तोड्यांना चांदी लागते, चांदी कोणतीही चालते. आमच्या घरी सुगंधाबाईंचे लग्नातले चांदीचे वाळे पडून आहेत, वजनाला नऊ नाण्यांहून जास्तच भरतील. ते घ्या, नाणी मला द्या. किंवा मला देऊ नका, तुमच्याजवळ ठेवा, पण मुशीत घालू नका. टायबेरियसच्या मागची ती बसलेली बाई एकदा उन्हात तिरपी धरून पाहा. उडदाच्या दाण्याएवढं तिचं डोकं, त्यात केस, केसांत फीत. ते कोरणाऱ्यानं पोलादात उलटं कोरलं, खोलगट कोरलं. आपल्याकडे असा हात कोणाचा होता? एक तुमचाच.

शिवाय अधिक अभ्यासान्ती मला असं वाटू लागलं आहे की त्या नऊपैकी काही नाणी खरी असण्याची शक्यता अगदीच नाकारता येत नाही.

लवकर कळवा. यात्रेला जेमतेम दीड महिना आहे.

गुणवंतराव


घोट
११ फेब्रुवारी १९५६

इनायतभाऊ,

तुमचं उत्तर एका ओळीचं. "चांदीच्या बदल्यात चांदी नको. आणि काही खरी म्हणजे किती?"

ही ओळ मी सुगंधाबाईंना वाचून दाखवली. वाळ्यांचं मी तुम्हाला परस्पर लिहिलं होतं, तेही त्यांना तेव्हाच कळलं. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "माह्या पायातलं काऊन देता जी? तुमच्या तोंडातून निंगालं, ते तुमच्याच तोंडानं भरा. मोठे चिठ्ठ्या लिहून राह्यले!"

तेव्हा आता सरळ लिहितो.

किती खरी, तर नऊच्या नऊ.

नागपूरचे कोणी विद्वान येणार नाहीत. ते मी रचलं. तुम्ही नाणी घेऊन यावीत, मी ती पुन्हा पाहावी आणि माझी चूक दुसऱ्या कोणाच्या तोंडून बाहेर पडावी, असा माझा बेत होता. आणि हे मला आज कळलेलं नाही. गेल्या जुलैपासून माहीत आहे. सात महिने मी ते दाबून ठेवलं.

चूक कशी झाली ते तुम्हाला कळायला हवं. मला दुसऱ्या कोणी मूर्ख म्हटलेलं चालणार नाही, पण तुम्ही कारण समजून घेऊन म्हणा.

आमच्या नाक्यावर एक नोंदवही आहे. प्रत्येक ठेकेदाराच्या हातोड्याचा ठसा तीत काढलेला असतो. हातोडा लोखंडाचा, एकच. त्यानं हजार ओंडके ठोकले तरी हजार ठसे एकसारखे. ओंडका आला की मी ठसा वहीशी जुळवतो. एका रेषेचा फरक दिसला की माल अडवतो, कारण दुसरा ठसा म्हणजे दुसरा हातोडा, आणि दुसरा हातोडा म्हणजे चोर. या डोळ्यानं मी कितीतरी चोरटे साग पकडले. या डोळ्याचा मला अभिमान आहे, आजही आहे. त्या वाळवीच्या पुस्तकातही प्रत्येक नाण्याचं एकच चित्र होतं. मी ते चित्र म्हणजे वही समजलो.

म्हणून बावन्नच्या यात्रेत तुमच्या दुकानापुढे एवढी माणसं जमलेली असताना मी माझी चार नाणी फडक्यावर मांडली, जी मी एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतली होती. शेजारी तुमची नऊ. माझी चारही हुबेहूब. तुमच्यात एकाचं नाक बाकदार, एकाचा कान खाली, एकाच्या नातवांचे भाले आत झुकलेले, एकाचे बाहेर. मी ओरडून म्हणालो, "एका राजाला इतके चेहरे कसे? हा सगळा माल खोटा आहे!" तुम्ही एवढंच म्हणालात, "गुणवंतराव, जरा नीट पहा जी." मी भिंग खिशात घातलं होतं.

लोकांनी नाण्यांचं काय ऐकलं देव जाणे. पण "इनायतचा माल खोटा" एवढं सगळ्या यात्रेनं ऐकलं. संध्याकाळपर्यंत बायका हसल्या नि सऱ्या परत घेऊन रांगेत उभ्या होत्या. ते मी पाहिलं. पाहून निघून गेलो.

आता जुलैचं सांगतो. पावसाळ्यात लाकूड हलत नाही, नाका रिकामा असतो. मी माझ्या चार नाण्यांचे लाखेवर ठसे घेत बसलो होतो. पहिल्यात राजाच्या मानेवर एक बारीक ओरखडा दिसला. दुसऱ्यातही दिसला. तिसऱ्यात, चौथ्यात, त्याच जागी, तेवढाच. नाण्यावर ओरखडा पडतो तो थैलीत, खिशात, लोकांच्या हातांत, एकेका नाण्याला वेगळा. चार नाण्यांना एकच ओरखडा म्हणजे चारही एका नाण्यावरून साच्यात ओतलेली! वजन तीन मासे चार गुंजा, चारही नाण्यांचं अगदी काटेकोर. त्याचाही मला अभिमान होता. तुमची प्रत्येक एकदोन गुंजा इकडेतिकडे, कारण ती माणसांच्या हातांतून झिजत आलेली.

मग मी बसून विचार केला की सबंध पृथ्वीभर पुरतील एवढी नाणी एका ठशातून निघतील कशी? पोलाद असलं तरी काही हजार घावांनंतर फुटणारच. मग दुसरा ठसा, तिसरा, शंभरावा. प्रत्येक हातानं कोरलेला, प्रत्येक कोरणारा वेगळा. कोणाला राजाचं नाक आवडलं, कोणाला हनुवटी. एकाच हुकुमाखाली शेकडो कारागीर, आणि प्रत्येकानं आपल्या परीनं राजा केला. एवढं मोठं राज्य, पण चेहरा एकसारखा करणं त्याला जमलं नाही. मला तेच आता सगळ्यात सुंदर वाटतं.

तुम्हाला हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. तुम्ही ठसे कोरलेले आहेत. एकच पान दोनदा कोरलं तरी दोन पानं होतात, हे तुम्ही मला एकदा सांगितलंही होतं. मी ऐकून सोडून दिलं होतं.

नाणी गाळू नका. शिक्षा म्हणून दुसरं काहीही करा.

गुणवंत


घोट
१२ मार्च १९५६

इनायतभाऊ,

काल मार्कंड्याहून परतलो. इसरू सोनार तिथंच दुकान लावून बसला होता, तो सांगेलच. पण तो तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून मी नेमकं लिहितो.

तुमचं उत्तर आलं नाही. सुगंधाबाई म्हणाल्या, "जिथी बोलले तिथी बोला." शिवरात्रीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी देवळाच्या कोटाबाहेर वाळूत, तुमचं दुकान असायचं त्या जागी गेलो. आता तिथं बांगडीवाला बसतो. पत्रू कोतवालाला डफडं वाजवायला लावलं. एका रिकाम्या बैलगाडीवर चढलो. दोन पानं लिहून नेली होती, सनावळीसकट.

पहिलं पान संपेपर्यंत निम्मी माणसं उठून गेली. एकजण ओरडला, "काय जी जंगलबाबू, आता आमचे बैलही तपासता का?" दुसरा म्हणाला, "थांब ना बे, त्याईले रोमच्या राजाचा तार आला असंल!" हशा झाला. मी पानं खिशात घातली.

म्हणालो, "चार वर्षांमागे मी इथं इनायतच्या नाण्यांना खोटं म्हणालो होतो."

"कोन इनायत?"

"तो खोट्या चांदीवाला नाई का," एक बाई म्हणाली.

इनायतभाऊ, नाणी कोणालाच आठवत नव्हती. तेवढा एक शब्द मात्र सगळ्यांना आठवत होता.

मी माझं एक नाणं गाडीच्या साटीच्या फळीवर ठेवलं आणि बरोबर आणलेली छिन्नी लावून घण घातला. दोन तुकडे झाले. वर चांदीचा कागदासारखा मुलामा, आत करडं शिसं. तुकडे खाली फिरवायला दिले. म्हणालो, "हे माझं नाणं. हे मी त्या दिवशी खरं म्हणून दाखवलं होतं."

"मंग खोटा कोन निंगाला?" मागून कोणीतरी विचारलं.

"मी."

"जोऱ्यानं बोला जी, ऐकू नाई येत!"

"मी!"

यावर जे हसले ते मनापासून हसले. मला राग यायला हवा होता. आला नाही.

पण खरं काम माझ्या बोलण्यानं झालं नाही, हेही नोंदवून ठेवतो. गर्दीत मंगली होती. ती पुढे आली, गाडीला पाठ लावून उभी राहिली आणि गळ्यातली हसली दोन्ही हातांनी पुढे ओढून म्हणाली, "हे इनायतभाऊची. चार साल झाले. पान्यात हाय, घामात हाय, चुलीपाशी हाय. काळी पडली का? पाहा ना! ह्या बाबूचं आयकता आन् माह्या गळ्यातलं पाहत नाई!" बायका भोवती जमल्या. एकीनं हसली दातांनी चावून पाहिली. इसरूनं स्वतः उठून कसोटी आणली नि घासली. रेघ पांढरीशुभ्र उमटली. मग ज्यांच्याजवळ तुमच्या हातचं अजून काही होतं, त्या एकेक येऊन घासून घेऊ लागल्या. मला गाडीवरून उतरायलाही जागा उरली नाही.

मंगलीनं जाताना विचारलं, "इनायतभाऊ कवा येते?" मी सांगितलं, मला माहीत नाही.

एवढंच झालं. याच्या बदल्यात मी काही मागत नाही. इसरू परत पोचला असेल, मूस तयार असेल. नूरीचे तोडे तुम्ही कसे करायचे ते तुम्ही ठरवा.

गुणवंत


घोट
१७ मार्च १९५६

चिरंजीव नूरीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र आज टपालात पडेल, तरी तुला सोमवारशिवाय मिळायचं नाही. तोवर तुझ्या अम्मीनं, आबिदाबाईंनी, काळजी करू नये म्हणून पहिली गोष्ट: तुझे अब्बा इथं आहेत आणि खुशाल आहेत.

ते आज अकराच्या बसनं उतरले. मी गाडीचे ओंडके मोजत होतो. ते नाक्यासमोरच्या सागाच्या ओंडक्यावर जाऊन बसले. सुगंधाबाईंनी चहा आणला तर म्हणाले, "चहा नाई घेत, बाई. आधी यांचं काम होऊ द्या." खिशातून रुमाल काढला, सोडला, आणि नऊ नाणी माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "पहा."

मी भिंग घेतलं. बारा ते तीन पाहत बसलो. पहिली पाच नाणी एकाहून एक. सहाव्याला माझा हात थांबला.

पोरी, मी घाबरलो. ते नाणं रोमचं नव्हतं. चांदी चोख, वजन बरोबर, दोन हजार वर्षांची झीजही बरोबर. पण राजाचे डोळे मोठे, टपोरे, देवळातल्या मूर्तींना असतात तसे. भोवतालची अक्षरं म्हणजे अक्षरंच नव्हेत, नुसती वेलबुट्टी. दोन नातवांच्या कमरेचं वस्त्र धोतरासारखं चुण्या घातलेलं. रेघा सलग ओढलेल्या नाहीत, टिंबाला टिंब लावून केलेल्या, आपले सोनार हसलीवर नक्षी करतात तशा. सात दिवसांपूर्वी मी यात्रेत घण घालून आलो होतो, त्याआधी तुझ्या अब्बांना लिहून सांगितलं होतं की नऊच्या नऊ खरी. तेही न पाहताच सांगितलं होतं. आता पुन्हा तोच शब्द उच्चारायचा, आणि तोही त्याच माणसासमोर! दारातून सुगंधाबाई डोळ्यांनी दटावत होत्या, गप राहा म्हणून. तुझे अब्बा नाक्यापलीकडच्या तलावाकडे पाहत होते.

मी म्हणालो, "इनायतभाऊ, हे सहावं रोमचं नाही."

"मंग?"

"आपल्याकडचं आहे. त्याच काळातलं. इथल्या कोण्या सोनारानं रोमचं नाणं पाहून ठसा केला. त्यानं राजा कधी पाहिला नव्हता, अक्षर त्याला येत नव्हतं. पण हात..."

"हात कसा हाय?"

"हात या नऊंमध्ये सगळ्यात चांगला आहे."

तुझे अब्बा हसले. चार वर्षांनी मी ते हसणं ऐकलं. म्हणाले, "मंगलीच्या माळेतून काढलं तवाच मले दिसलं होतं जी. म्हणलं, गुणवंतरावाले कवा दिसते ते पाहू. आन् तुमी तर मैदानात जाऊन नऊच्या नऊ खोटे करून टाकले! खोटं म्हणलं त्याचा राग नाई आला मले. राग आला की तुमी पाहिलंच नाई. तुमी! ज्यानं मले पाहाले शिकवलं."

मी त्यांना काही शिकवलं नव्हतं. पण त्या वेळी मी ते खोडून काढलं नाही.

मग चहा झाला. आत जाऊन सुगंधाबाईंनी वाळे आणले आणि त्यांच्या रुमालात बांधले. अब्बा नको म्हणायला लागले तशा त्या म्हणाल्या, "तुमाले कोन देऊन राह्यलं? मी पोरीची मावशी हावो. तुमच्या दोघांच्या भांडनाचं मले काई नाई लागत." यावर तुझ्या अब्बांनी रुमाल उचलून खिशात घातला. तोडे त्या वाळ्यांचे होतील. तू मला पेन्सिलीनं लिहिलं होतंस की नाणी मोडून केलेले तोडे तुला पायात घालवणार नाहीत. आता घालवतील.

ते सहावं नाणं अब्बा तुला देणार आहेत. त्याचं वजन तीन मासे सहा गुंजा. कडी बसवायची तर रिंगणात धरून बसव, चांदीला तापवून डाग देऊ नको, आणि चिंच नि राख लावून घासू तर मुळीच नको. काळं आहे ते तसंच राहू दे. कोणी विचारलं हा कोण, तर सांग, रोमचा बादशहा आहे, आपल्या सोनारानं घडवलेला.

चारची बस आत्ता गेली. अब्बा त्यात नाहीत. आम्ही तिसऱ्या नाण्यावर अडलो आहोत. त्यावर राजाच्या गालावर छिन्नीचा एक जुना खोल घाव आहे. अब्बा म्हणतात, इथल्या व्यापाऱ्यानं आतून चांदी आहे की नाही ते पाहण्यासाठी घातला. मी म्हणतो, तपासायचं तर कडेला घाव घालतात. गालावर घालणाऱ्याला राजाचा चेहराच नको होता. त्यांनी मला मूर्ख म्हटलं आहे. मी भिंग पुन्हा काढलं आहे. त्यांचं बरोबरही असेल, पण अजून मी मान्य केलेलं नाही, आणि उद्या सकाळच्या बसपर्यंत करीन असं वाटत नाही.

तुझा काका,
गुणवंतराव